जाळ्यांतून जाणारा शब्द

रविवारची दुपार. दादरच्या एका घरांत जेवणें उरकलीं आहेत आणि आजी हातांतील मोबाइलवर नातीशीं बोलत बसली आहे. नात शिक्षणासाठीं म्युनिकला असते. तिकडे अजून न्याहारीची वेळ आहे. लोणच्याला मेथ्या किती घालाव्या येथून निघालेला विषय शेजारच्या मुलीच्या लग्नापर्यंत येऊन ठेपला आहे. पाऊण तास होऊन गेला. मध्येंच आजीला शंका येते, "अग, पैसे किती होतील?" पलीकडून उत्तर येतें, "कांहीं नाहीं ग आजी, इंटरनेटवरून आहे ना हें!"

या उत्तरानें आजीचें समाधान होत नाहीं, आणि तें न होणें योग्यच आहे. परदेशीं ट्रंक कॉल लावणें म्हणजे काय असे, हें तिला चांगलें आठवतें. आधीं एक्स्चेंजकडे नोंद करावयाची, मग घंटेची वाट पहात घरांत बसून रहावयाचें. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लाइटनिंग कॉल अशा त्याच्या पायऱ्या, आणि तीन-तीन मिनिटांचा हिशेब. फोन लागला कीं सारें घर चिडीचूप होई आणि बोलणारा मात्र ओरडत असे. "ऐकूं येतें का?" या प्रश्नोत्तरांतच पहिलें मिनिट खर्चीं पडे.

तो काळ आणि हा काळ यांमधील फरक यंत्र लहान झालें एवढ्यापुरता नाहीं. आवाज नेण्यासाठीं वाटेचा उपयोग करण्याची रीतच बदलली आहे. ही रीत एकदां ध्यानांत आली म्हणजे हें बोलणें इतकें स्वस्त कां, तें मधूनच तुटतें कां, आणि कोणत्या प्रसंगीं त्याच्यावर विसंबूं नये, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकाच सूत्रांत सांपडतात.

प्रथम जुनी रीत पाहूं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८७६ च्या मार्चांत बोस्टन येथें आपल्या मदतनिसाला तारेवरून हांक मारली, आणि अवघ्या सहा वर्षांत, म्हणजे १८८२ सालीं, मुंबईंत टेलिफोनची एक्स्चेंज सुरू झाली. या दूरध्वनीचें मर्म सोपें होतें. बोलणाऱ्याच्या आवाजानें यंत्रांतील पातळ पडदा थरथरे. त्या थरथरीबरोबर तारेंतील विजेचा प्रवाह कमीजास्त होई. आणि पलीकडच्या टोकाला तो प्रवाह दुसऱ्या पडद्याला तसाच थरथरवी. यासाठीं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड वाट हवी. ती जोडून देणें हेंच एक्स्चेंजचें काम. पूर्वी तें ऑपरेटर हातानें करीत; पुढें यंत्रें करूं लागलीं. १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्यामध्यें आपल्या देशांतली पहिली एस. टी. डी. सेवा सुरू झाली आणि परगांवच्या कॉलसाठीं ऑपरेटरची गरज हळूहळू संपत गेली. परंतु मूळ तत्त्व तेंच राहिलें. संभाषण चालू असेपर्यंत ती सबंध वाट त्या दोघांच्याच नांवें राखून ठेविलेली असे.

आगगाडीची उपमा द्यावयाची तर, मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या एका उतारूसाठीं सारा लोहमार्ग मोकळा ठेवण्यासारखें हें होतें. शिवाय संभाषणांत एक बोलतो तेव्हां दुसरा ऐकतो. म्हणजे प्रत्येक दिशेची वाट जवळजवळ अर्धा वेळ रिकामीच असते. त्या रिकाम्या वेळाचेंहि भाडें पडे. देशाबाहेरच्या वाटा तर मोजक्याच होत्या. १९२७ सालीं पुणें जिल्ह्यांतील खडकी व दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशीं बिनतारी संदेशांची ने-आण सुरू झाली, आणि १९३३ सालीं भारत व ब्रिटन यांच्यामध्यें बिनतारी दूरध्वनि सुरू झाला. वाटा थोड्या, गिऱ्हाइकें फार, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सबंध वाट द्यावयाची. मग दर जबर असले तर त्यांत नवल तें काय?

आतां नवी रीत. तिच्यांत आवाज जसाच्या तसा पाठवीतच नाहींत. पाठवितात ते आंकडे.

आवाजाचे आंकडे कसे होतात, हें समजण्यासाठीं आजाऱ्याच्या उशाशीं टांगलेला तापाचा तक्ता डोळ्यांपुढें आणावा. दर चार तासांनीं ताप पाहून परिचारिका कागदावर एक ठिपका देते. ताप कांहीं चार तासांनींच बदलत नाहीं, तो सारखाच चढत-उतरत असतो. तरीहि ते ठिपके जोडून काढलेल्या रेघेवरून डॉक्टरांना तापाची चाल बरोबर कळते. मात्र एक अट आहे. ताप जितक्या झपाट्यानें चढत-उतरत असेल त्याच्या मानानें नोंदी पुरेशा वेळां झाल्या पाहिजेत. नाहींतर दोन ठिपक्यांमध्यें ताप चढून उतरून जाईल आणि तक्ता खोटें बोलेल. गणिताचा नियम असा आहे कीं, ज्या कंपनांची नोंद करावयाची त्यांच्या दुपटीहून अधिक वेळां ती घेतली पाहिजे.

मनुष्याचें बोलणें समजण्यास सेकंदाला सुमारें ३,४०० पर्यंतचीं कंपनें पुरेशीं होतात, असें दूरध्वनीच्या कारागिरांनीं फार पूर्वीच ठरविलें होतें. त्याची दुप्पट ६,८००. थोडी सवलत ठेवून ८,००० हा आंकडा धरण्यांत आला. म्हणजे फोनमधील यंत्र आवाजाचा चढउतार सेकंदाला ८,००० वेळां मोजतें. प्रत्येक मापाला २५६ पायऱ्यांपैकीं एका पायरीचा क्रमांक मिळतो. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. हळू आवाजाच्या ठिकाणीं त्या दाट असतात आणि मोठ्या आवाजाच्या ठिकाणीं विरळ. त्यामुळें कुजबुजहि स्पष्ट राहते. पायरीचा क्रमांक 'होय' किंवा 'नाहीं' अशा आठ उत्तरांत सांगतां येतो. अशा एका उत्तराला बिट म्हणतात, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. तेव्हां एका सेकंदाच्या बोलण्याचे आठ हजार गुणिले आठ, म्हणजे ६४,००० बिट झाले. आवाजाचे असे आंकडे करण्याची कल्पना अलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनियराला १९३७ सालीं सुचली. ती आंतरराष्ट्रीय नियम म्हणून मान्य होण्यास १९७२ साल उजाडलें. अलीकडच्या पद्धति याहून काटकसरी आहेत. २०१२ सालीं प्रमाण ठरलेली 'ओपस' नांवाची पद्धति बोलण्यांतील पुनरावृत्ति व ठेवण ओळखून निम्म्याहून कमी बिटांत अधिक चांगला आवाज देते.

आंकडे झाले, आतां ते न्यावयाचे कसे? येथेंच खरी मेख आहे.

फोन एका सेकंदाच्या बोलण्याचे पन्नास तुकडे करतो. एकेक तुकडा एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा, म्हणजे २० मिलिसेकंदांचा. वरच्या हिशेबानें त्यांत १६० मापें, म्हणजे १६० बाइट, येतात. हा तुकडा एका पाकिटांत घातला जातो आणि पाकिटावर आणखी ४० बाइटांचा मजकूर लिहिला जातो. तो असा: कोठून निघालें, कोठें जावयाचें, अनुक्रम कितवा आणि आंतील आवाज कोणत्या क्षणाचा. आजीनें सावकाश उच्चारलेला 'नमस्कार' हा एक शब्द पाऊण सेकंदाचा धरला तर त्याचीं सदतीस-अडतीस पाकिटें होतात, आणि तीं एकामागून एक जाळ्यांत सोडून दिलीं जातात.

जाळ्याच्या प्रत्येक गांठीवर रूटर नांवाचें यंत्र बसलेलें असतें. पाकिटांत काय आहे याच्याशीं त्याला कर्तव्य नसतें. तो पत्ता वाचतो आणि पाकीट योग्य दिशेच्या पुढच्या गांठीकडे ढकलतो. त्याच्या मागोमाग कोणाचा चित्रपट, कोणाचा बँकेचा हिशेब, कोणाचें वर्तमानपत्र, अशीं परक्यांचीं पाकिटें त्याच वाटेनें जात असतात. वाट कोणाच्याच नांवें राखलेली नसते. आजी ऐकत असते तेव्हां तिच्या बाजूनें फारसें कांहीं पाठवावें लागत नाहीं, आणि त्या मोकळ्या जागेंतून दुसऱ्याचें काम होऊन जातें. हजारों घरें एक वाट वाटून घेतात, म्हणून प्रत्येकाच्या वांट्याला खर्च अल्प येतो. 'कांहीं नाहीं ग आजी' या उत्तराचा खरा अर्थ हा. पैसे पडतातच; परंतु ते महिन्याच्या इंटरनेटच्या आकारांत आधींच भरलेले असतात, आणि पाकीट माहीमला चाललें कीं म्युनिकला, यावरून त्याचें मोल बदलत नाहीं.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पाकीट २०० बाइटांचें, सेकंदाला पन्नास, आणि बोलणें दोन्ही दिशांनीं. मिनिटाला १२ लक्ष बाइट, म्हणजे सुमारें सव्वा मेगाबाइट झाले. पाऊण तासाच्या गप्पांना जुन्या पद्धतीनें ५४ मेगाबाइट लागतील. काटकसरी पद्धतीनें याच्या निम्मे पुरतात. चेहरा पहात बोलावयाचें असेल तर मात्र खर्च कित्येक पटींनीं वाढतो.

संदेशाचे तुकडे करून वाटून घेतलेल्या वाटेनें पाठविण्याची ही युक्ति अमेरिकेंत पॉल बॅरन यानें आणि इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यानें, एकमेकांस नकळत, १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत शोधून काढली. तुकड्याला 'पॅकेट' हें नांव दिलें तें डेव्हिसनें. १९६९ सालीं अमेरिकेंत या तत्त्वावर 'आर्पानेट' हें जाळें उभें राहिलें. तें संगणकांच्या आपसांतील पत्रव्यवहारासाठीं होतें. तरी १९७४ सालींच त्याच्यावरून माणसाचा आवाज पाठविण्याचे प्रयोग सफल झाले. सामान्य गृहस्थाच्या हातीं ही सोय येण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. १९९५ च्या फेब्रुवारींत इस्राएलमधील व्होकलटेक कंपनीनें 'इंटरनेट फोन' विक्रीस काढला. त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सार्वजनिक इंटरनेट सुरू केलें.

या रीतींत स्वस्ताई आहे तशी एक उणीवहि आहे. वाट राखलेली नसल्यामुळें पाकीट वेळेवर पोंचेलच असें वचन जाळें कोणालाहि देत नाहीं. एखाद्या गांठीवर गर्दी झाली तर पाकीट थांबतें. फारच गर्दी झाली तर रूटर तें सरळ टाकून देतो. कांहीं पाकिटें वाट बदलून जातात आणि मागचें पाकीट पुढच्याच्या आधीं पोंचतें. मग या गोंधळांतून सरळ वाक्य कसें ऐकूं येतें?

लग्नाच्या वऱ्हाडाचें उदाहरण घ्यावें. पाहुणे एकाच घरून निघाले तरी कोणी बसनें येतो, कोणी लोकलनें, कोणी टॅक्सीनें. मंडपाशीं ते मागेंपुढें पोंचतात. शहाणा यजमान पहिला पाहुणा दिसतांच मिरवणूक काढीत नाहीं. तो थोडा वेळ थांबतो, आलेल्यांना ओळीनें उभें करतो आणि मग वाजतगाजत निघतो. ऐकणाऱ्याच्या फोनमध्येंहि असेंच एक थांबण्याचें ठिकाण असतें. आलेलीं पाकिटें तेथें क्षणभर, बहुधा सेकंदाच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतका वेळ, थांबवून अनुक्रमानें लावतात आणि मग ठरलेल्या तालांत कानाशीं सोडतात. परंतु मुहूर्त कोणासाठीं टळत नाहीं. ज्या पाकिटाची पाळी होऊन गेली तें मागाहून आलें तरी त्याचा उपयोग नसतो. तें फेंकून द्यावें लागतें.

येथें कोणी विचारील कीं, हरवलेलें पाकीट पुन्हां कां मागवूं नये? पत्रें, छायाचित्रें, बँकेचे व्यवहार यांच्या बाबतींत तसेंच करतात. एक अक्षर गहाळ झालें तरी तें पुन्हां मागविलें जातें, मग वेळ लागला तरी चालेल. बोलण्याची गोष्ट निराळी. 'येतें' या शब्दांतला निसटलेला 'ये' दोन सेकंदांनीं 'उद्यां'नंतर ऐकूं आला तर उपयोगापेक्षां घोंटाळाच अधिक. म्हणून फोन हरवलेल्याचा शोक करीत बसत नाहीं. आधींच्या तुकड्याच्या धर्तीवर तो एक बेमालूम ठिगळ लावतो आणि पुढें जातो. एखाददुसरें ठिगळ कानाला कळतहि नाहीं. ठिगळें फार झालीं म्हणजे आवाज डब्यांत बोलल्यासारखा, यांत्रिक येऊं लागतो. आणखी एक गंमतीचा प्रकार आहे. पलीकडचा मनुष्य गप्प असतांना कांहींच पाठविलें जात नसेल तर ऐकणाऱ्याच्या कानीं पूर्ण नि:शब्दता येईल, आणि फोन तुटला असें समजून तो "हॅलो, हॅलो" करूं लागेल. तें टाळण्यासाठीं ऐकणाऱ्याचाच फोन त्या वेळांत मंद अशी खरखर मुद्दाम निर्माण करतो.

सर्वांत मोठा शत्रु म्हणजे विलंब. शब्द तोंडांतून निघाल्यापासून दुसऱ्याच्या कानीं पडेपर्यंत १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागूं नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यापुढें दोघेहि एकाच वेळीं बोलूं लागतात, दोघेहि थांबतात, आणि संभाषणाचा ताल बिघडतो. काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई ते म्युनिक ही तंतूची वाट वळणावळणांची, १०,००० किलोमीटर धरली तरी ५० मिलिसेकंद पुरतात. पाकीट भरण्यास २०, मुहूर्तासाठीं थांबण्यास ६०, गांठीगांठींवर थोडेथोडे, अशी बेरीज कशीबशी मर्यादेंत बसते. विसाव्या शतकांत पुणें जिल्ह्यांतील आर्वीच्या केंद्रांतून उपग्रहामार्गें परदेशाशीं बोलणें होई, त्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हा फरक चटकन् कळेल. तो उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर. वर जाऊन खालीं येण्यांतच पाव सेकंद जाई, आणि प्रश्नाचें उत्तर कानीं पडण्यास किमान अर्धा सेकंद लागे.

राहिला प्रश्न पत्त्याचा. पाकिटावर पत्ता लिहावयाचा खरा, पण नात आज वसतिगृहांत, उद्यां ग्रंथालयांत. तिच्या फोनचा जाळ्यावरील पत्ता जागेप्रमाणें बदलत असतो. तो आजीच्या फोनला कळतो कसा? त्यासाठीं एका मध्यस्थाची योजना असते. प्रत्येक फोन ठराविक वेळानें एका नोंदणी-यंत्राला आपला ठावठिकाणा कळवीत राहतो. आजीनें नातीच्या नांवावर बोट ठेवलें कीं तिचा फोन या मध्यस्थाकडे निमंत्रण धाडतो. मध्यस्थ तें नातीच्या फोनकडे पोंचवितो. तिकडून 'घंटा वाजत आहे' असा निरोप येतो आणि तिनें फोन उचलला कीं 'मान्य' असा दुसरा. त्याबरोबरच कोणत्या पद्धतीनें आवाजाचे आंकडे करावयाचे हेंहि ठरतें. या बोलणीसाठीं १९९९ सालीं 'सिप' नांवाचे नियम प्रसिद्ध झाले. निरनिराळीं ॲपें आपापले नियमहि वापरतात. स्थळ जुळवून देणारा मध्यस्थ जसा पुढें संसारांत लुडबूड करीत नाहीं, तसें हें यंत्रहि बहुधा बाजूला होतें आणि पाकिटें थेट दोन फोनांमध्यें जाऊं-येऊं लागतात. बहुधा म्हणण्याचें कारण असें कीं, घरांतील सर्व यंत्रांना मिळून बाहेरच्या जगांत एकच पत्ता असतो. चाळीचा पत्ता एक आणि खोल्या अनेक, तशांतलाच हा प्रकार. दाराशीं बसलेला घरचा रूटर पाकीट कोणत्या खोलींत द्यावयाचें हें ठरवितो. दोन्ही बाजूंचे पहारे फार कडक असले तर थेट भेट होऊं शकत नाहीं, आणि मग सारीं पाकिटें तिसऱ्या यंत्रामार्फत फिरवावीं लागतात. त्यानें विलंब वाढतो.

पलीकडे इंटरनेट नसून साधा फोन असेल तर दोन रीतींच्या सीमेवर एक दुभाषी यंत्र लागतें. तें पाकिटें फोडून आवाज जुन्या जाळ्यांत सोडतें, आणि तेथें मिनिटाचा आकार पुन्हां सुरू होतो. भारत सरकारनें १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरील दूरध्वनीस मर्यादित परवानगी दिली, तेव्हां संगणकावरून संगणकाशीं आणि परदेशांतील फोनशीं बोलण्याची मोकळीक होती. देशांतील साध्या फोनशीं मात्र नव्हती. आज ही सीमाच पुसत चालली आहे. २०१६ पासून भारतांत पसरलेल्या ४जी सेवेंत मोबाइलवरील नेहमींचा कॉलहि पाकिटांतूनच जाऊं लागला. फरक इतकाच कीं, तेथें कंपनी आपल्या जाळ्यांत आवाजाच्या पाकिटांना अग्रहक्क देते. ॲपवरील बोलण्याला असा हक्क सहसा नसतो.

हें सारें ध्यानीं आलें म्हणजे घरगुती उपायहि आपोआप सुचतात. आवाज तुटूं लागला तर प्रथम चित्र बंद करावें, कारण चित्राचीं पाकिटें आवाजाच्या पाकिटांची वाट अडवितात. घरांत त्याच वेळीं कोणी चित्रपट उतरवून घेत असेल तर त्याला थोडें थांबावयास सांगावें. रूटरच्या जवळ बसावें; मधल्या दोन भिंती पुष्कळदां सातासमुद्रांपेक्षां अधिक अडथळा करतात. आपलेच शब्द आपल्याला पुन्हां ऐकूं येत असतील तर दोष बहुधा पलीकडच्या टोकाला असतो. तेथें कर्ण्यांतून निघालेला आवाज पुन्हां मायक्रोफोनमध्यें शिरत असतो. पलीकडच्याला कानांत घालावयाचे इयरफोन लावण्यास सांगावें, म्हणजे तो प्रतिध्वनि थांबतो.

यापुढची बाब मात्र सोयीची नसून सुरक्षिततेची आहे, आणि प्रत्येक गृहस्थानें ती आधींच समजून घेतली पाहिजे. तांब्याच्या तारेच्या जुन्या फोनला घरच्या विजेची गरज नव्हती. एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून तारेवाटेंच त्याला वीज मिळे. म्हणून मुसळधार पावसांत सारी आळी अंधारांत बुडाली तरी फोन वाजत असे. तार काढून काचेचा तंतु घेतला कीं ही सोय जाते. काच वीज नेत नाहीं. घरची वीज गेली, रूटर विझला, कीं टेबलावर दिसावयास तोच जुना फोन असला तरी तो मुका होतो. ज्या घरांत वृद्ध किंवा आजारी माणसें आहेत तेथें रूटर व तंतूची पेटी यांना बॅटरीचा आधार ठेवावा आणि एक मोबाइल नेहमीं भरलेला असावा.

तसेंच, संकटकाळचा ११२ हा क्रमांक गप्पांच्या अनेक ॲपांवरून लागतच नाहीं. तो मोबाइलच्या नेहमींच्या कॉलनेंच लावावा, आणि आपण कोठें आहोंत हें पहिल्याच वाक्यांत सांगावें. जुना फोन एका घराला जखडलेला असे, त्यामुळें त्याचा पत्ता एक्स्चेंजला ठाऊक असे. इंटरनेटवरील क्रमांक माणसाबरोबर गांवोगांव फिरतो. त्यावरून घर ओळखण्याची खात्री नाहीं.

तिसरी गोष्ट विश्वासाची. पुष्कळ ॲपांतून बोलणें गुप्तलेखनांत गुंडाळून जातें. व्हॉट्सॲपनें २०१६ सालीं ही व्यवस्था पूर्ण केली. त्यामुळें वाटेवरच्या कोणालाहि पाकिटांतील आवाज समजत नाहीं. पाकिटावरचा पत्ता मात्र वाचतां येतो. कोण कोणाशीं केव्हां व किती वेळ बोललें हें सेवा चालविणाऱ्यास कळूं शकतें. आणि मुख्य म्हणजे पाकीट मोहोरबंद असलें म्हणून तें पाठविणारा सज्जनच असतो असें नाहीं. ज्या नियमांनीं नातीचें नांव पडद्यावर उमटतें, त्यांतील पळवाटा शोधून भामटे परक्याचा क्रमांक व नांव दाखवूं शकतात. अलीकडच्या वर्षांत पोलिसी गणवेश घालून पडद्यावर येणाऱ्या ठकांनीं 'डिजिटल अरेस्ट'चा धाक घालून कित्येक सुशिक्षित कुटुंबांची जन्माची पुंजी लुबाडली. फोनवरून अटक करण्याची कोणतीहि तरतूद भारतीय कायद्यांत नाहीं. असा फोन आल्यास तो बंद करावा, घरच्यांना सांगावें, आणि पैसे गेले असल्यास विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

तात्पर्य, जुन्या दूरध्वनींत हुशारी मधल्या वाटेंत होती. हातांतलें यंत्र भोळें होतें. वाट राखणें, वीज पुरविणें, घर ओळखणें, हें सारें एक्स्चेंज करी, आणि त्याचें मोल घेई. नव्या रीतींत वाट भोळी झाली. ती कसलें वचन देत नाहीं, म्हणून फारसें मागतहि नाहीं. तुकडे करणें, ते ओळीनें लावणें, ठिगळ घालणें ही हुशारी दोन टोकांच्या यंत्रांकडे आली, आणि वीज सांभाळणें, ठिकाण सांगणें, माणूस पारखणें ही जबाबदारी त्या यंत्रांजवळ बसलेल्या माणसांकडे. ट्रंक कॉलच्या बिलांत पूर्वी जें मिळत असे, त्यांतील कांहीं आतां घरच्या घरीं सांभाळावें लागतें.

इकडे आजीचा निरोप घेण्याचा सोहळा चालू आहे. "ठेवतें हं," असें म्हणून झाल्यावरहि दहा मिनिटें गेलीं आहेत. शेवटीं ती विचारते, "रात्रीं पुन्हां लावशील ना?" पलीकडून "हो" येतो. एका अक्षराचा शब्द, फार तर दहाबारा पाकिटें. त्यांतलें एखादें अरबी समुद्राखालून जातांना हरवलें असेल. पण आजीला होकार पुरता ऐकूं आला आहे.